चौक, कागद आणि पान : पोर्टफोलिओ रिपोर्टची मांडणी डहाणूच्या भिंतींकडून शिकताना



संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "काम झालंय, फोटो आहेत, स्केचेस आहेत, आता रिपोर्टची पानं लावायची कशी?" ग्राफिक डिझाइनच्या पोर्टफोलिओ रिपोर्टमध्ये तर हा प्रश्न हमखास येतो. मग नेटवरून एखादं टेम्प्लेट उतरवलं जातं आणि त्याच्या रिकाम्या चौकोनांत आपले फोटो बसवले जातात. जो फोटो बसत नाही तो कापला जातो, आणि जो मजकूर मावत नाही त्याचा फॉन्ट लहान होतो. मांडणी म्हणजे शेवटच्या आठवड्यातली रंगरंगोटी, असा एकूण समज आहे.

या लेखात मला नेमकं उलटं म्हणायचं आहे. पानाची मांडणी हा संशोधनाचाच भाग आहे. कोणती गोष्ट मध्यभागी येईल, कोणती कडेला जाईल, कुणाचं नाव छापलं जाईल आणि कुणाचं गळेल, हे सगळं मांडणी ठरवते. वाचक पुरावा म्हणून जे पाहतो ते आपण पानावर ठेवलेलं असतं, तेवढंच.

मी विज्ञान शाखेची. आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो छापायचा तर त्याच्या कोपऱ्यात मापाची रेघ, म्हणजे स्केल बार, द्यावीच लागते. ती नसेल तर फोटो कितीही सुंदर असला तरी परीक्षक विचारणारच, "ही पेशी केवढी आहे?" त्या एका रेघेमुळे चित्राचा पुरावा होतो. कलेच्या आणि डिझाइनच्या रिपोर्टमध्ये अशी रेघ कोणती, हे शोधायला लांब जायची गरज नाही. कोसबाडच्या टेकडीच्या आजूबाजूला, डहाणू-तलासरीच्या पाड्यांमध्ये, गेल्या पन्नासेक वर्षांत चित्राची मांडणी एका पृष्ठभागावरून दुसऱ्या पृष्ठभागावर गेली. त्या प्रवासात काय मिळालं आणि काय सुटलं, हे नीट पाहिलं की आपला रिपोर्ट कसा लावायचा ते बरंचसं कळतं.

भिंतीवरची मांडणी

वारली चित्र म्हटलं की आज डोळ्यांसमोर काय येतं? तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती वळसे घेत नाचणारी माणसांची साखळी. कपांवर, कुर्त्यांवर, रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर आपण हेच पाहतो. पण लग्नघरात या चित्राचं मूळ रूप वेगळं आहे. त्याला चौक म्हणतात.

लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर सवाशिणी चौक काढतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी टोकाला चावून मऊ करायची, की झाला कुंचला. मागे शेणामातीनं किंवा गेरूनं सारवलेली भिंत. रंग एकच, पांढरा. चौकाची चौकट नक्षीच्या पट्ट्यांनी भरलेली असते. लग्नचौकाच्या मध्यभागी असते पालघट देवी. चौकात सूर्य, चंद्र, फणी, शिडी अशा ठरलेल्या गोष्टी येतात. देवचौक वेगळा, त्यात घोड्यावरचा पंचशिऱ्या असतो. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही.

आता डिझाइनच्या विद्यार्थ्याच्या नजरेनं हे पुन्हा पाहा. चौक ही पक्की मांडणी आहे. तिला सीमा आहे, केंद्र आहे, आणि केंद्राभोवती कशाला जागा मिळणार याचा नियम आहे. रंग एकच असल्यामुळे उठाव रंगानं आणता येत नाही. तो रेषांच्या दाटीनं आणि मोकळ्या जागेनं येतो. चौकट गच्च भरलेली, म्हणून आतली देवी उठून दिसते.

कॉलेजात आपल्याला शिकवलेला ग्रिड याहून वेगळा आहे. स्विस डिझायनर योजेफ म्युलर-ब्रॉकमान यांचं ग्रिडवरचं पुस्तक १९८१ मध्ये आलं आणि आजही जगभरचे डिझाइनचे विद्यार्थी ते वाचतात. या ग्रिडमध्ये पानाचे रकाने पडतात, आडवे-उभे कप्पे पडतात, आणि प्रत्येक कप्पा मुळात सारख्या योग्यतेचा असतो. महत्त्व कशाला द्यायचं ते डिझायनर नंतर ठरवतो. चौकात ते आधीच ठरलेलं आहे. दोन्ही पद्धती चांगल्याच आहेत. पण ग्रिड वापरताना "केंद्र कोणतं?" हा प्रश्न आपला आपल्याला विचारावा लागतो, आणि टेम्प्लेट उतरवणारा विद्यार्थी बहुतेक वेळा तोच विचारायचा राहतो.

चौकाचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तो टिकण्यासाठी काढलेला नसतो. लग्न पार पडतं, पुढे कधीतरी भिंत पुन्हा सारवली जाते आणि चित्र जातं. खाली सही नसते. कुणी काढलं हे घरातल्या सगळ्यांना माहीतच असतं, त्यामुळे ते लिहायची गरज पडत नाही. वाचक आणि चित्र एकाच घरात असले की कॅप्शन लागत नाही, हे लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मर्म त्यात आहे.

भिंतीवरून कागदावर

१९६६-६७ मध्ये बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळानं भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मिथिलेत, मधुबनीच्या भागात पाठवलं. तिथल्या बायका घराच्या भिंतींवर जी चित्रं काढत, ती त्यांनी कागदावर काढावीत, म्हणजे ती विकता येतील आणि चार पैसे हाती येतील, असा हेतू होता. तोच माणूस १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूच्या बाजूला आला आणि इथेही चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. देशाच्या दोन टोकांच्या दोन भित्तिचित्र परंपरा कागदावर येण्यामागे एकच व्यक्ती असावी, ही आपल्या कलेतिहासातली मोठी लक्षणीय गोष्ट आहे.

इथे त्यांना भेटले जिव्या सोमा मशे. १९३४ मध्ये तलासरी तालुक्यात जन्म, पुढचं आयुष्य डहाणू तालुक्यातल्या गंजाडला. लहानपणीच आई गेली, त्या धक्क्यानं त्यांनी बोलणं टाकलं आणि ते धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगू लागले. चौक काढणं हे बायकांचं काम. जिव्या पुरुष असून लग्नाच्या निमित्ताशिवाय, रोज, स्वतःसाठी चित्रं काढत होते. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांचं काम होतं. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाबरोबर त्यांची चित्रं मांडली गेली. २०१८ मध्ये ते गेले.

कागदावर आल्यावर मांडणीचं काय झालं? कागदाला स्वतःच्याच चार कडा असतात, त्यामुळे नक्षीची चौकट काढलीच पाहिजे असं उरलं नाही. लग्न नाही, म्हणून मध्यभागी पालघट असण्याचं बंधनही गेलं. चौकाबाहेरचं जग, म्हणजे शेत, जंगल, मासेमारी, मुंग्यांचं वारूळ, नाच, हे सगळं आत आलं. जिव्यांच्या चित्रांत पूर्ण पृष्ठभाग बारीक रेषांनी आणि ठिपक्यांनी हलत असतो. मासे पकडायच्या जाळ्याचं त्यांचं चित्र पाहा : जाळं जवळजवळ सगळं चित्रच व्यापतं आणि माणूस त्यात लहानसा दिसतो. भिंतीवरच्या चौकात हे शक्य नव्हतं. कागदानं कलावंताला मोकळीक दिली, कमाई दिली आणि नाव दिलं.

पण त्याच कागदानं काही गोष्टी बाहेरही ठेवल्या. धवलेरीचं गाणं कागदावर येत नाही. चौक किती मोठा होता, भिंत कोणत्या खोलीची होती, समोर कोण बसलं होतं, हे येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या ही मांडणी सांभाळली, त्या कागदाच्या बाजारात मागे राहिल्या. भिंतीवर कुणाचंच नाव नसायचं. कागदावर नाव आलं, ते मुख्यतः पुरुषांचं. यात जिव्यांचा काही दोष नाही. नाव लिहायची जागा निर्माण झाली, तेव्हा ती कुणी भरायची हा प्रश्न कुणी पुरेसा विचारला नाही, एवढाच मुद्दा आहे.

कागदावरून छापील पानावर

पुढचा टप्पा पुस्तकाचा. यशोधरा दालमिया यांचं वारली चित्रांवरचं महत्त्वाचं इंग्रजी पुस्तक ललित कला अकादमीनं १९८८ मध्ये काढलं. त्यानंतर कॅटलॉग, कॅलेंडर, पोस्टकार्ड, शाळेची पुस्तकं असं बरंच काही आलं. छापील पानावर भिंतीएवढा चौक आणि वहीएवढा कागद दोन्ही सारखेच दिसू शकतात, कारण दोघांनाही दहा सेंटिमीटरचा चौकोन मिळतो. म्हणजे मी सुरुवातीला म्हटलेली मापाची रेघ इथेही नसते. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. हे चित्र कुठलं, याला त्यामुळे कायद्यानं उत्तर मिळालं. पण प्रत्येक छापील चित्राखाली कुणाचं, केव्हाचं, कशावरचं आणि केवढं हे लिहिणं कायदा करून देत नाही. ते मांडणी करणाऱ्याचंच काम आहे.

चित्राबरोबर पानावर अक्षरंही येतात, म्हणून त्यांच्याबद्दलही थोडं बोलू. मराठी पानाच्या मांडणीला मोठा इतिहास आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, तेव्हा पानावर दोन स्तंभ होते : एक मराठी, एक इंग्रजी, शेजारी शेजारी. ही सजावट नव्हती. आपला वाचक दोन प्रकारचा आहे हे ओळखून घेतलेला निर्णय होता. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ मध्ये निघाला, आणि आपल्या अक्षरांची छपाईतली अडचण किती खोल आहे हे त्यातून कळतं. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा फॉन्ट घडवला, जो आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वापरला आहे.

या इतिहासातून रिपोर्टसाठी निघणाऱ्या गोष्टी अगदी व्यवहारी आहेत. देवनागरीत मात्रा आणि वेलांट्या वर जातात, उकार आणि काही जोडाक्षरं खाली येतात. त्यामुळे इंग्रजीला पुरणारं ओळींमधलं अंतर मराठीला पुरत नाही. दीडपटीच्या आसपास ठेवून एक पान छापून बघा. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, आणि अक्षर तिरकं केलं की बहुतेक फॉन्टमध्ये विचित्र दिसतं. म्हणून उठाव ठळकपणानं, आकारानं किंवा मोकळ्या जागेनं द्या. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, ते टाळा. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात. दोन्ही कडा सरळ करायच्या नादात ओळीत भोकं पडतात. अरुंद रकान्यात मजकूर डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळा सोडलेलाच बरा.

कोसबाड : वाचक किती उंच आहे?

'दर्पण'च्या दोन स्तंभांमागचा प्रश्न, म्हणजे वाचक कोण, हा आपल्या कोसबाडला फार वेगळ्या प्रकारे सोडवला गेला. तोही कागदाशिवाय.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ते काम कोसबाडला आलं. ताराबाईंवर माँटेसरी पद्धतीचा प्रभाव होता. त्या पद्धतीचा पायाच असा की वस्तू मुलाच्या उंचीवर, मुलाच्या हाताला येईल अशी मांडायची. पण माँटेसरीची विकतची साधनं इथल्या पाड्यांना परवडणारी नव्हती. मग बिया, शंखशिंपले, पानं, खडे ही साधनं झाली. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळा कुरणात गेली, तीच कुरणशाळा. अंगणवाडी हा शब्द पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर पोचला.

पोर्टफोलिओच्या लेखात बालवाडी कशाला, असं वाटेल. पण मांडणीचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. तत्त्व तेच ठेवायचं, आणि बाकी सगळं समोरच्या माणसाच्या उंचीनुसार बदलायचं. तुमच्या रिपोर्टचा वाचक कुठे उभा आहे? परीक्षक टेबलावर छापील प्रत उघडून बसणार आहे, की फोनवर पीडीएफ पाहणार आहे? ज्या पाड्यावर तुम्ही काम केलंत तिथली माणसं हा रिपोर्ट बघणार आहेत का? बघणार असतील, तर त्यांना त्यात स्वतःचं काम ओळखू येईल का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इतके दिवस तो कुणी विचारतच नव्हतं.

मग तुमचा रिपोर्ट कसा लावाल?

आता कामाचं बोलू. समजा, तुम्हाला २४ पानांचा पोर्टफोलिओ रिपोर्ट करायचा आहे.

पहिली गोष्ट, संगणक बंद ठेवा. एका कागदावर २४ छोटे चौकोन काढा आणि प्रत्येकात फक्त एक शब्द लिहा : त्या पानाचं केंद्र. ज्या पानाचा शब्द सापडत नाही, ते पान बहुधा नकोच आहे. मधोमध पिन मारून बांधणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. स्पायरल किंवा पक्की बांधणी असेल तर डावीकडे सुमारे दीड इंच समास सोडा, नाहीतर कॅप्शनची सुरुवात बांधणीत जाते.

दुसरी गोष्ट, कॅप्शन आधी लिहा आणि फोटो नंतर लावा. प्रत्येक चित्राखाली पाच गोष्टी हव्यात : काय आहे, कुणी केलं, कुठे आणि केव्हा, कोणत्या पृष्ठभागावर कशानं, आणि प्रत्यक्ष माप किती. उदाहरणार्थ : लग्नचौक, काढणाऱ्या सवाशिणींची नावं, त्यांच्या संमतीनं, पाडा, तालुका, महिना-वर्ष, सारवलेल्या भिंतीवर तांदळाचं पीठ, उंची आणि रुंदी. नाव द्यायला संमती नसेल तर तसं स्पष्ट लिहा. "वारली चित्र, डहाणू" एवढ्याच कॅप्शनला माझ्या हिशेबी स्केल बार नसलेल्या फोटोइतकीच किंमत आहे. यासाठी शेतात, पाड्यावर, घरात जाताना नोंदवही आणि मोजपट्टी दोन्ही न्या. घरी परतल्यावर भिंतीचं माप फोटोवरून काढता येत नाही.

तिसरी गोष्ट, भिंतीचा फोटो भिंतीसकट द्या. एक फोटो लांबून, खोली दिसेल असा, आणि एक जवळून. टेम्प्लेटच्या चौकोनात बसावा म्हणून चौकाची नक्षीची कड कापू नका. ती कड मांडणीचाच भाग आहे, हे आपण वर पाहिलं. छपाईसाठी फोटो पुरेसा मोठा आहे का तेही तपासा : इंचाला ३०० ठिपके धरले तर १० सेंटिमीटर रुंद फोटोला साधारण १२०० पिक्सेल लागतात.

चौथी गोष्ट, स्वतःचं काम आणि घेतलेलं काम वेगळं दिसू द्या. पोर्टफोलिओ तुमचा आहे, तेव्हा तुम्ही केलेलं पोस्टर मोठं येणारच. पण त्या पोस्टरमधली आकृती एखाद्या बाईच्या चौकावरून आली असेल, तर तो चौक तळटीपेत ढकलू नका. समोरासमोरच्या दोन पानांवर डावीकडे मूळ आणि उजवीकडे तुमचं काम अशी जोडी लावा. 'दर्पण'च्या दोन स्तंभांसारखी ही मांडणी न बोलता दोघांना समोरासमोर बसवते. आणि गंमत म्हणजे त्यामुळे तुमचं कामही जास्त उठून दिसतं, कारण तुम्ही नेमकं काय बदललं ते वाचकाला पाहता येतं.

पाचवी आणि शेवटची गोष्ट : छापायला देण्याआधी रिपोर्टची एक साधी काळी-पांढरी प्रत काढा आणि ज्यांच्या कामावर तो उभा आहे त्यांना दाखवा. नावाचं शुद्धलेखन, पाड्याचं नाव, देवचौक की लग्नचौक, हे तिथे दहा मिनिटांत दुरुस्त होतं. मार्गदर्शकांना या चुका कळतीलच असं नाही.

तुमच्यापैकी काहींच्या घरातच आजी-काकू चौक काढत असतील. त्यांना तर माझं एवढंच सांगणं आहे की रिपोर्टच्या आधी त्यांची नावं, तारखा आणि मापं एका वहीत उतरवून घ्या. पोर्टफोलिओला गुण मिळतील तेव्हा मिळतील. पन्नास वर्षांपूर्वी कागद इथे आला तेव्हा नावाचा रकाना अर्धाच भरला गेला. उरलेला भरणं आपल्या पिढीच्या हातात आहे, आणि त्याला लागते फक्त कॅप्शनची एक ओळ.

काही अडलं तर जरूर विचारा. पुढच्या लेखात मुलाखतीच्या नोंदी कशा ठेवायच्या, त्याबद्दल बोलू.